बिनसारवणाची चवथ

पार्से गावात कुणाच्या घरी लग्न निघालं की मांडव घालायच्या आधी एक निरोप ठरलेला असायचा. "सुशीलावैनीक सांगा, जरा खळ्यात हात फिरवून जा." खळं म्हणजे घरापुढचं अंगण. वैनी जायची. पदर खोचायची, शेणाच्या बालदीत कोपरापर्यंत हात घालायची आणि मागे मागे सरकत असं काही सारवायची की बघणाऱ्याने बघतच राहावं. पाच बोटांचे अर्धगोल एकाला एक लागून. कुठे खळगा नाही, कुठे ओघळ नाही. नवरानवरी राहिली बाजूला, बायका घरी जाताना खळ्याबद्दलच बोलत जायच्या. "कोणाचो गो हात?" "आणखी कोणाचो असतलो?"

हे कानावर आलं की सुशीलावैनी लाजायचीबिजायची नाही हां. "माझोच," म्हणायची. खोटी नम्रता तिला कधी जमली नाही आणि तिची तिला गरजही पडली नाही.

तिचं माहेर डिचोली तालुक्यातलं पाळी. खाणींचा गाव. तिच्या लहानपणी दारावरून खनिजाचे ट्रक असे धावायचे की दोरीवर वाळत घातलेलं पांढरं धोतर संध्याकाळी तांबडं होऊन घरात यायचं. भातावर धूळ, पाण्यावर धूळ, देवाच्या डोक्यावर धूळ. तिची आई सकाळी सारवायची आणि दुपारी पुन्हा सारवायची. ओला हात फिरला की धूळ बसायची आणि घर घरासारखं दिसायचं. "ज्या घरात सकाळी हात फिरलो नाय, थंय माणसां रवतत असां म्हणूचां कसां?" असं आई म्हणायची, आणि पोरीने ते असं मनावर घेतलं की पुढे ताप असो, तिथी असो, पहाटे तिची बालदी चुकली नाही.

लग्न होऊन ती पार्श्यात आली तेव्हा तिचा नवरा कृष्णनाथ पेडणे-म्हापसा बसवर ड्रायव्हर होता. माणूस शांत. घराच्या एकेका खोलीला त्याने पुढे लादी घातली, स्वयंपाकघराला घातली, जनेलांना, म्हणजे खिडक्यांना, नवी दारं बसवली. देवखोलीपाशी मात्र वैनी आडवी उभी राहिली. "बाकी घराक काय चिकटवचां तां चिकटवा. देवखोलीक लादी लागूची नाय." कृष्णनाथ गेला त्यालाही आता बरीच वर्षं झाली. मुलगा गौरेश मोपाच्या विमानतळावर नोकरीला लागला. चकचकीत फरशीवरून दिवसभर चालून घरी आला की तोही देवखोलीच्या लादीचा विषय काढायचा, आईचा नकार ऐकायचा आणि जेवून गप झोपायचा.

कारण त्या खोलीत चवथीला गणपती बसायचा. एकट्या गौरेशचा नव्हे, सगळ्या भावकीचा. वास्को, फोंडा, म्हापसा, जिथे जिथे घरातली माणसं पांगली होती तिथून सगळी चवथीला पार्श्याला यायची. वर्षभर ज्या घरात वैनी, गौरेश आणि गोठ्यातली गाय एवढाच कारभार, तिथे चवथीला चपला ठेवायला जागा नसायची. त्या चपला बघून वैनीची छाती फुगायची, आणि ती तसं बोलूनही दाखवायची.

धाकटा दीर महादेव म्हापशाला बंगला बांधून राहिला होता. त्याने नव्या घरात गणपतीसाठी वेगळी खोली काढली होती, काळ्या ग्रॅनाईटचा चौथरासुद्धा केला होता. दर वर्षी एकदा तरी तो खडा टाकून बघायचा. "वैनी, आता तुझां वय झालां."

"झालां तर माझां झालां. गणपतीचां नाय," वैनी म्हणायची, आणि विषय तिथेच मिटायचा.

यंदा मात्र विषय नदीनेच काढला. चवथ तोंडावर आली असताना असा पाऊस लागला की नदी माडांचं भाटलं ओलांडून वाड्यात शिरली. लोक वरच्या शाळेत जाऊन बसले. पाणी ओसरल्यावर परत आले तर घरात गुडघाभर चिखल आणि भिंतीवर कंबरेएवढी तपकिरी रेघ. लादीच्या खोल्या धुऊन निघाल्या. देवखोलीची जमीन मात्र अशी झाली होती की पाऊल टाकलं की पाऊल रुतायचं. जिथे चौरंग मांडायचा त्या भिंतीचा चुना पापुद्रे होऊन सुटला होता आणि आतला जांभ्याचा चिरा घाम फुटल्यासारखा ओला.

महादेव बघायला आला. त्याने भिंतीला तळवा लावला, नाकाजवळ नेऊन वास घेतला.

"वैनी, मूर्ती मातीची. ह्या ओलीत ठेवली आणि खालून फुगली, चिरली, तर? भंगलेल्या मूर्तीची पूजा करूची काय?"

वैनीलाच पहिल्या दिवसापासून तीच भीती होती.

"ह्या वर्साक गणपती म्हापशाक नेऊया," महादेव म्हणाला.

"आणि फुडल्या वर्साक?"

महादेव जनेलातून बाहेर माडांकडे बघत बसला. वैनी काय समजायचं ते समजली. गणपतीची जागा एकदा हलली की हलली. पुढच्या वर्षी ग्रॅनाईट तिथेच असणार, मग पोरंबाळं म्हणणार तिथेच बरं पडतं, गाडी लावायला जागा आहे. या दारात मग कुणाच्या चपला?

"सुकली तर?" तिने विचारलं.

"सुकली तर हयच. पण पावसात खोली सुकतली कशी? चित्रशाळेतून मूर्ती आणूच्या आधी मी येऊन बघतंय," महादेव म्हणाला. माणूस वाईट नव्हता. त्याला फक्त स्वतःचा चौथरा फार आवडत होता.

त्या संध्याकाळी गौरेशने फोनवर शोधाशोध केली. डिचोलीत एक मंडळी होती, पुराने नि गळतीने भिजलेली घरं सुकवून देणारी. त्याने आईला सांगितलं मात्र, घरात दुसरा पूर आला.

"माझां घर परकी माणसां साफ करतली? लोक काय म्हणतले? सुशीलेचे हात मोडले?"

"आवय, हाताचं काम नाय हें. यंत्राचं आसा."

"यंत्र सारवतां?"

"सुकवतां गो!"

दुसऱ्या दिवशी टेम्पो दारात उभा राहिला. त्यातून पहिल्यांदा उतरली ती पँट-शर्टातली, केस वर बांधलेली एक मुलगी. सिद्धी तिचं नाव. मागून योगेश नावाचा तिचा माणूस यंत्रं उतरवायला लागला. वैनी दारात कमरेवर हात ठेवून उभी. तिला वाटलं होतं कुणीतरी वयस्क, मिशावाला गवंडी येईल.

"मुख्य माणूस खंय?" तिने विचारलं.

"मीच, काकी," सिद्धी म्हणाली आणि चपला काढून आत गेली. चपला काढल्या हे वैनीने बघून ठेवलं. एवढं सोडलं तर त्या दिवशी तिला त्या पोरीचं काहीही पटलं नाही.

त्यांनी चिखल उपसला, औषधाचं पाणी मारून बुरशी घासली, भिंतीचा सुटलेला चुना खरवडून चिरा उघडा केला. देवखोलीच्या जमिनीचा वरचा कुजका थर काढून टाकला आणि कोरडी माती घालून चोपून दिली. वैनी म्हणाली असं चोपत नाहीत, आणि लाकडी चोपणं हातात घेऊन स्वतः चोपलं. सिद्धीने घेऊ दिलं. मग दाराला प्लास्टिकचा पडदा लावला, आत पंखे लावले आणि मधोमध हवेतली ओल ओढून घेणारं एक यंत्र ठेवलं. त्याच्या पोटातल्या टाकीत पाणी साठायचं. रिकाम्या हवेतून टाकीभर पाणी निघतं हे बघून वैनी पहिल्यांदा गप झाली. तिने त्याचं नाव ठेवलं तानेलो. तहानलेला.

"आता एकच करायचं, काकी," सिद्धी जाताना म्हणाली. "खोलीत पाणी घालायचं नाही. लादी धुतो तसं धुवायचं नाही, पुसायचं नाही. यंत्रं रात्रंदिवस चालू राहू देत. आम्ही येऊन बघत जाऊ."

"पाणी कित्याक घालतंय मी? माका कळत नाय?" वैनी म्हणाली.

आणि खरंच, तिने पाणी घातलं नाही.

सिद्धीकडे दोन काटे असलेलं एक छोटं मीटर होतं. काटे भिंतीत किंवा जमिनीत टेकवले की दिवा लागायचा. लाल म्हणजे ओलं, पिवळा म्हणजे सुकत आलं, हिरवा म्हणजे सुकलं. ती संध्याकाळी बघायची तेव्हा देवखोलीत पिवळा लागायचा. सगळे खूश व्हायचे. वैनी तिला चहा करून द्यायची, पोदेराकडून घेतलेला गरम पाव, उंडो, पुढे करायची. दुसऱ्या दिवशी सिद्धी सकाळी यायची, काटे टेकवायची, आणि दिवा लाल.

"असं कसं?" ती योगेशला विचारायची. योगेश डोकं खाजवायचा. तानेल्याची टाकी मात्र काठोकाठ भरलेली असायची.

"बघा काकी, किती पाणी ओढलंय यानं!"

"गुणाचो गो तो," वैनी कौतुकाने म्हणायची.

हे असंच चाललं. पंखे वाढवले, दुसरं यंत्र आणलं. घरातल्या बाकी भिंती एकेक करून हिरव्या झाल्या. देवखोली तेवढी संध्याकाळी पिवळी, सकाळी लाल. सिद्धीचा चेहरा उतरत चालला. तिने छप्पर तपासलं, गोठ्याकडची भिंत तपासली, विहिरीत वाकून बघितलं.

महादेव आला तो नेमका अशाच एका सकाळी. चित्रशाळेत मूर्ती कुठे पोचवायची ते सांगायची वेळ आली होती. सिद्धीने त्याच्यासमोर काटे टेकवले. लाल.

"मला वाटतं पाणी खालून चढतंय," ती हळू आवाजात म्हणाली. "जमीन खोल खणून माती काढावी लागेल. पण मग चवथीपर्यंत होणार नाही."

महादेवाचा पारा चढला. "येवढी यंत्रां, येवढी वीज, रात्रंदिवस घरघर, आणि शेवटाक काय, तर खणूया! बाये, तुका घर सुकवूक येत नाय असां सरळ सांग मगे. पेडण्यात आणखी धा घरां भिजलीत. तेंका तरी सांगतंय, हिका बोलावू नकात म्हणून!"

सिद्धीने मान खाली घातली. डोळ्यांत पाणी आलं होतं, पण आवाज सांभाळून म्हणाली, "माझ्याकडून काहीतरी राहिलंय. कुठे राहिलंय ते मला सापडत नाही."

वैनी दारात उभी होती. तिची नजर त्या मीटरवर होती. काटे जमिनीत रुतले होते, आणि काट्यांच्या दोन्ही बाजूंना बोटांचे अर्धगोल होते. एकाला एक लागून, कुठे खळगा नाही, कुठे ओघळ नाही. त्या सकाळचे.

तिने हात पदराखाली घेतले.

गप बसायला हरकत नव्हती. कुणाला पत्ताच लागला नव्हता. सिद्धीचं बालपण लादीच्या घरात गेलेलं. चोपलेली माती सुकताना अशीच दिसते असं ती समजून चालली होती. ती आणि योगेश येईपर्यंत पंख्यांनी वरचा थर सुकवलेला असायचा, आणि शेणाचा वास म्हणाल तर गोठा भिंतीला लागूनच. वैनी गप राहिली असती तर दोष त्या पोरीच्या माथी गेला असता आणि हिच्या हाताचं नाव शाबूत राहिलं असतं. पण सुशीलावैनीने आयुष्यात आपल्या हाताचं काम दुसऱ्याच्या नावावर कधी जाऊ दिलं नव्हतं. ते चांगलं असो नाहीतर वाईट.

"खणू नकात," ती मोठ्याने म्हणाली. "खालून पाणी नाय काय नाय. मी सारवतंय."

"काय?" महादेव, सिद्धी आणि योगेश तिघंही वळले.

"रोज पहाटे. पडदो वर करून."

"आवय!" गौरेश आतून धावत आला. "पाणी घालू नको म्हणून सांगितलेलं मा?"

"पाणी खंय घातलंय? सारवण घातलंय!" वैनीचाही आवाज चढला. "गणपतीची खोली बिनसारवलेली ठेवू? सारवल्यान जमीन घट्ट होता असां माका वाटलां. त्या पोरीच्या कामाक हातभार लागतलो असां वाटलां!"

सिद्धीने काटे जमिनीतून उपसले. "किती सारवण, काकी? बालदीभर?"

"बालदीभर नाय तर काय वाटीभर?"

"म्हणजे तानेलो रोज जे पाणी पीत होता ते..."

"माझांच," वैनी म्हणाली.

सिद्धीने तोंडावर हात घेतला, पण हसू कुठलं आवरतंय. ती अशी हसायला लागली की गालावरून पाणी ओघळलं. योगेश बाहेर जाऊन हसला. गौरेशने कपाळाला हात लावला. महादेव तेवढा हसला नाही. मघाशी तोंड सोडलं त्याची त्याला लाज वाटत होती, आणि ती कुठे ठेवावी ते त्याला कळत नव्हतं.

"आता सुकतली?" त्याने विचारलं.

"सुकेल," सिद्धी डोळे पुसत म्हणाली. "हे सारवण खरवडून जमीन पुन्हा चोपून घेते. मग कोणी हात लावला नाही तर."

सगळ्यांनी वैनीकडे बघितलं. वैनीने आपल्या दोन्ही हातांकडे बघितलं. मग कमरेचा जुडगा सोडवला, त्यातून देवखोलीची चावी काढली आणि सिद्धीच्या हातात ठेवली. ती चावी तिने नवऱ्यालाही कधी दिली नव्हती.

"ही तुझ्याकडे ठेव, बाये. पहाटे माझो माझ्यावर भरवसो नाय."

त्यानंतरच्या पहाटा तिला कशा गेल्या ते तिचं तिला माहीत. जाग यायची, हात शेणाकडे जायचे, आणि दाराला कुलूप. हातांना काम हवं म्हणून तिने चवथीच्या नेवऱ्यांना, म्हणजे करंज्यांना, पुरून उरतील एवढे नारळ सोलले. शेजारणींनी विचारलं तेव्हा काही लपवून ठेवलं नाही. "मीच भिजवत होतंय," म्हणाली, आणि वर तानेल्याचा किस्साही सांगितला. वाड्यात हसाहशी झाली. तीही हसली, पण रात्री जेवण काही तिला गेलं नाही.

आणि एका सकाळी सिद्धीने काटे टेकवले, मीटर वैनीच्या हातात दिलं. दिवा हिरवा होता.

वैनीने भिंतीला लावून बघितलं, कोपऱ्यात लावून बघितलं, चौरंगाच्या जागी लावून बघितलं. हिरवा, हिरवा, हिरवा. तिने सिद्धीच्या गालावरून दोन्ही हात फिरवले आणि कानशिलावर कडाकडा बोटं मोडली.

"आता सारवूक मेळतलां मा?"

सिद्धी घुटमळली. "काकी, वरचा थर सुकलाय. आतली माती अजून पिवळी आहे. आता सारवलंत तर भिंत ते पाणी ओढून घेईल. चवथ होऊन जाऊ दे. मग खुशाल सारवा."

"म्हणजे? गणपतीच्या पायाखाली बिनसारवलेली जमीन?"

"मी सांगायचं ते सांगितलं. घर तुमचं." सिद्धीने चावी परत वैनीच्या हातात ठेवली आणि यंत्रं टेम्पोत चढवली.

चवथीच्या आदल्या दिवशी सकाळी वैनीने शेण कालवलं. सवयीने म्हणा, हट्टाने म्हणा. बालदी घेऊन देवखोलीच्या उंबऱ्यावर उभी राहिली. समोर ती जमीन. फिकट, कोरडी, चोपण्याचे वण तसेच, दोन ठिकाणी बारीक भेगा. सगळी भावकी उद्या यायची होती. या गावात लोक तिची जमीन वळून वळून बघायचे, आणि उद्या वर्षाच्या सगळ्यात मोठ्या दिवशी त्यांना हे दिसणार. तिला रडू फुटलं. मग परसात गेली आणि अख्खी बालदी माडाच्या मुळात ओतून आली.

दुसऱ्या दिवशी ढोलताशा वाजला. गौरेशने पाटावरून मूर्ती आणली, महादेवाने वर छत्री धरली. भिंतीला टेकून चौरंग, वर चौकटीला बांधून टांगलेली माटोळी, तिच्यात नारळ, सुपाऱ्या, काकडीसारखी तवशी, रानातली फळं. मूर्ती बसली. तिच्या पायाशी तळवा लावून महादेवाने एकदा जमीन बघितली, मग भिंत बघितली, आणि वळून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "फुडल्या वर्साक हयच हां. आणि त्याच्या फुडल्या वर्साकय."

सिद्धीलाही जेवायला बोलावलं होतं. ती आली तर दारात चपलांचा एवढा ढीग की तिला आपल्या चपला माडाखाली काढाव्या लागल्या.

आरती झाली आणि मग जे व्हायचं ते झालंच. बायकांच्या नजरा खाली गेल्या. फोंड्याची जाऊ शेजारणीला कोपराने ढोसून म्हणाली, "सुशीलावैनीन ह्या वर्साक सारवूक नाय?"

मागच्या बायका माना उंचावून बघायला लागल्या.

वैनी नैवेद्याचं पान ठेवून उठली. पदर खोचला. त्या जावेचा हात धरला आणि खाली वाकवून जमिनीवर टेकवला.

"हात लाव गो. लाव सगळ्यांनी. पाणी कंबरेएवढां होता हय. कशी आसा?"

"सुकी," जाऊ म्हणाली. मग दुसरी वाकली. "ठणठणीत गो." मग तिसरी. घरातल्या सुना, पोरी, म्हाताऱ्या, एकेक जण वाकून जमिनीला हात लावायला लागली.

"कोणाचो हात?" एका म्हातारीने जुन्या सवयीने विचारलं.

"हिचो," वैनी म्हणाली आणि दारातल्या सिद्धीला दंडाला धरून गणपतीसमोर ओढून आणलं. "डिचोलीची सिद्धी. हिचोच हात. मी फक्त माझो मागे घेतलंय."